मोंढ्यात न मोजलं जाणारं ओझं

नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आदिलाबाद मागे पडलं, की निर्मलच्या आधी इचोडा लागतं. मंडलाचं गाव. मराठी, तेलुगू, गोंडी आणि दखनी या चारही भाषा इथल्या बाजारात सारख्याच सहजपणे चालतात. भोवती काळी जमीन आहे. खरिपात कापूस, सोयाबीन, तूर आणि ओल टिकली तर रब्बीत हरभरा. या महामार्गाने इथलं सोयाबीन आणि कापूस बाहेर जातो आणि याच महामार्गाने बाहेरचं अन्न गावात येतं. किराणा दुकानातलं पामतेल बहुतेक इंडोनेशिया किंवा मलेशियाचं असतं. तूरडाळीच्या कट्ट्यातली तूर मोझांबिक, टांझानिया किंवा म्यानमारमधून आलेली असू शकते, कारण मे २०२१ पासून तुरीची आयात खुली आहे आणि मोझांबिकशी तर तूर घेण्याचा करार २०१६ सालीच झाला. शेतात तूर उभी असताना ताटात समुद्रापलीकडची डाळ यावी, हे पर्यावरणाला भारी पडत असणार, असं कुणालाही वाटेल. या समजुतीत तथ्य आहे, पण अर्धंच. अन्नाचं पर्यावरणावर पडणारं ओझं मुख्यतः शेतात ठरतं आणि प्रवासात त्यात थोडीच भर पडते, असं गेल्या काही वर्षांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. मात्र शेतात ठरणारं हे ओझं भावात कुठेच उतरत नाही. त्याचा तोटा नेमका कुणाला होतो, हे इचोड्यासारख्या ठिकाणाहून पाहिलं तर जास्त स्पष्ट दिसतं.

या विषयावर सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास ऑक्सफर्ड विद्यापीठाचे तरुण संशोधक जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडच्या अ‍ॅग्रोस्कोप संस्थेचे थॉमस नेमेचेक यांचा आहे. तो जून २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वतः नवी मोजमापं केली नव्हती. जगभर विखुरलेले शेकडो अभ्यास त्यांनी गोळा केले, एका मापात आणले आणि ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र मांडली. तांदळापासून कोंबडीपर्यंत चाळीस पदार्थ घेतले आणि प्रत्येकाचा माग शेतापासून दुकानापर्यंत काढला. खतं, जमीन, पाणी, जनावरांचा चारा, प्रक्रिया, वाहतूक, वेष्टन सगळं धरलं. माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातला सुमारे २६ टक्के वाटा अन्नाचा निघाला. त्या वाट्यातला ६१ टक्के भाग शेतीच्या टप्प्यावर होतो आणि जंगलतोड धरली तर ८१ टक्के. वाहतुकीचा भाग सहा टक्क्यांच्या आसपास. याहून महत्त्वाचा निष्कर्ष मात्र वेगळा होता. एकच पदार्थ पिकवणाऱ्या दोन शेतकऱ्यांच्या ओझ्यात प्रचंड तफावत असते. सरासरी पाहिली तर जेमतेम पंचवीस टक्के उत्पादक निम्म्याहून जास्त नुकसानाला कारणीभूत ठरतात. म्हणजे 'तूर चांगली' किंवा 'तेल वाईट' एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या शेतातली, कशी पिकवलेली, हे विचारावंच लागतं.

तुरीचाच हिशेब करून पाहू. मालवाहू जहाज एक टन माल एक किलोमीटर नेताना साधारण दहा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, ट्रक त्याच कामाला साधारण शंभर ग्रॅम. मोझांबिकच्या नकाला बंदरापासून मुंबईपर्यंतचा समुद्रमार्ग सुमारे पाच हजार किलोमीटरचा आहे, म्हणजे किलोमागे पन्नास ग्रॅम. मुंबईहून हैदराबादपर्यंत सातशे किलोमीटर ट्रक, त्याचे सत्तर ग्रॅम. आफ्रिकेतल्या शेतापासून बंदरापर्यंतचे आणखी तीस-चाळीस धरू. सगळे मिळून दीडशेच्या वर थोडेसे. इचोड्याची तूर हैदराबादला न्यायची तर अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या जवळ. फरक आहे, नाकारायचा नाही. पण पूर-नेमेचेक यांच्या आकड्यांत एक किलो कडधान्याचं सरासरी ओझं सुमारे १.८ किलो आहे, म्हणजे अठराशे ग्रॅम. त्यात परदेशी तुरीचा सगळा प्रवास दहा टक्केही भरत नाही. आणि पाच हजार किलोमीटरच्या समुद्रापेक्षा सातशे किलोमीटरचा डांबरी रस्ता जास्त वायू सोडतो, हेही नजरेतून सुटू नये. पुढे स्वयंपाकघरात पाव किलो डाळ शिजायला तीस ग्रॅम गॅस लागला असं धरलं, तर किलोमागे साडेतीनशे ग्रॅमच्या वर वायू नुसत्या शेगडीतून निघतो. डाळ आधी भिजत घालून गॅस वाचवणारी बाई प्रवासातला मोठा हिस्सा भरून काढत असते. मोझांबिकच्या तुरीबद्दल खरा प्रश्न विचारायचा तो तिच्या शेताचा. ती वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीवर आली की अलीकडेच तोडलेल्या मिओंबोच्या जंगलावर? जहाजाच्या कागदांवर याचं उत्तर नसतं.

या मांडणीवर एक वजनदार आक्षेप आहे. जून २०२२ मध्ये 'नेचर फूड'मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी अन्नवाहतुकीचा वाटा सहा नव्हे तर सुमारे १९ टक्के असल्याचं दाखवलं. वर्षाला जवळपास तीन अब्ज टन. त्यांचा युक्तिवाद रास्त होता. अन्नाची वाहतूक मोजताना केवळ धान्याचा ट्रक का धरायचा? शेतात येणारं खत, यंत्रं, इंधन यांचाही प्रवास त्यात यायला हवा. तो धरला की आकडा फुगतो. इचोड्याच्या बाबतीत हा मुद्दा अगदी खरा आहे, कारण इथलं शेत जागतिक साखळीचं सुरुवातीचं टोक आहे तसंच शेवटचंही आहे. स्फुरदयुक्त खताचा कच्चा माल मोरोक्को किंवा जॉर्डनमधून येतो आणि पोटॅश जवळजवळ सगळं परदेशातून. युरिया रामगुंडमच्या कारखान्यातला असला तरी तो ज्या नैसर्गिक वायूपासून बनतो, त्याचा देशातला जवळपास निम्मा पुरवठा आयात होतो. मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आक्षेप घेणारे सहसा सांगत नाहीत. साऱ्या जगाने फक्त आपापल्या देशातलं अन्न खाल्लं तर किती उत्सर्जन वाचेल, हेही त्या संशोधकांनी काढलं होतं. सुमारे ३८ कोटी टन, म्हणजे त्यांच्याच वाहतुकीच्या आकड्याचा जेमतेम आठवा भाग. देशांतर्गत ट्रक, शीतगाड्या, खतांचे फेरे तसेच राहतात. 'स्थानिक खा' हा सल्ला चुकीचा नाही. पण पर्यावरणाचा प्रश्न त्याने सुटतो, असं मानणं चुकीचं आहे.

मग शेतात नेमकं घडतं काय? पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी घ्या. त्यात साधारण एकवीस किलो नत्र असतं. शेतात टाकलेल्या नत्रातलं साधारण एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, असा सरासरी आकडा आंतरराष्ट्रीय हिशेबात धरला जातो. जमीन आणि ओल यांप्रमाणे तो कमी-जास्त होतो. एक टक्का किरकोळ वाटेल, पण हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७३ पट तापदायक आहे. गणित केलं तर एका गोणीमागे नव्वद किलोच्या आसपास उत्सर्जन निघतं, आणि त्यात कारखान्यात युरिया तयार करतानाचं उत्सर्जन धरलेलंच नाही. नव्वद किलो म्हणजे सुमारे अठरा क्विंटल तूर पाच हजार किलोमीटर समुद्रातून आणण्याइतकं. पावसाची उघडीप पाहून फेकलेली एखादी जादा गोणी, जी पुढच्या सरीने निम्मी वाहूनही जाते, ती एका जहाजाच्या कोपऱ्याएवढं काम करून जाते. याच्या उलट चित्रही याच शेतात आहे. आदिलाबादेत आणि पलीकडे यवतमाळात कापसाच्या काही तासांमागे तुरीचं एक तास टाकायची जुनी रीत आहे. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात, मूळ खोल जाऊन खालची ओल वर ओढतं, पानगळ जमिनीतच कुजते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने १९७२ पासून ज्या थोड्या पिकांवर सगळी मेहनत घेतली त्यात तूर आहे, आणि मर रोगाला दाद न देणारी 'आशा'सारखी वाणं तिथूनच आली. अशा तुरीला वेगळा युरिया जवळजवळ लागत नाही. ही तूर आणि भरमसाट खत टाकून काढलेली तूर मोंढ्यात एकाच ढिगात पडतात.

सोयाबीनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गिरणीत एक क्विंटल सोयाबीन गेलं की साधारण अठरा किलो तेल निघतं आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड. तेल आपल्या कढईत येतं. पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. जगातल्या सोयाबीनपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अखेर जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या खाद्यातच जातं. आता शेतात झालेलं नुकसान तेलाच्या खात्यावर किती टाकायचं आणि पेंडीच्या खात्यावर किती? वजनाप्रमाणे वाटलं तर तेलावर अठरा टक्के येतं. किमतीप्रमाणे वाटलं, समजा तेल किलोला १२० रुपये आणि पेंड ४० रुपये, तर तेलाच्या वाट्याला चाळीस टक्के जातं. शेत तेच, पीक तेच, आणि तेलाचा दोष दुपटीहून जास्त. पीएचडीचे विद्यार्थी या एका निवडीवर प्रबंधाची पानंच्या पानं खर्च करतात आणि ते योग्यच आहे. असले आकडे वर्तमानपत्रात येतात तेव्हा त्यामागचा हा निर्णय वाचकाला दिसत नाही. तो दिसायला हवा, कारण कोंबडीचं मांस 'हलकं' की 'जड' हे काही अंशी त्यावर ठरतं. कापसाचंही असंच आहे. एक क्विंटल कापसातून तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते आणि उरलेला बहुतेक भाग सरकी असतो. तिचं तेल फरसाणात आणि ढेप म्हशीच्या गव्हाणीत. कापूस हे अन्नाचं पीक नाही असं म्हणून आदिलाबादचा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. इथलं निम्मंअधिक वजन दुधाच्या आणि तेलाच्या साखळीत शिरतं.

ओझं भावात का उतरत नाही, ते सोयाबीनच्या बाजाराकडे पाहिल्याशिवाय कळणार नाही. भारत खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागवतो. पामतेल आग्नेय आशियातून, सोयातेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल युक्रेन आणि रशियाकडून. २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली तेव्हा त्याची झळ आपल्या देशातल्या किराणा दुकानांपर्यंत पोचली. ऑगस्ट २०२१ मध्ये कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्र सरकारने बारा लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, जरी तसं सोयाबीन पेरायला आपल्या देशात परवानगी नाही. याचा अर्थ इचोड्याच्या सोयाबीनचा भाव जगाच्या बाजाराला बांधलेला आहे. त्या बाजारात ब्राझीलचं सोयाबीन स्वस्त पडतं. त्यामागे मोठी शेतं आहेत, चांगलं बियाणं आहे, उत्तम बंदरं आहेत. आणि एक कारण असंही आहे, की ज्या जमिनीवर काल जंगल किंवा गवताळ रान होतं तिचं नुकसान त्या भावात कुणी धरलेलं नाही. २००६ साली मोठ्या व्यापाऱ्यांनी अ‍ॅमेझॉनमधल्या नव्या तोडीवरचं सोयाबीन न घेण्याचा करार केला आणि तिथे त्याचा उपयोगही झाला, पण लागवडीचा रेटा शेजारच्या सेराडोच्या रानाकडे सरकला. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून बरेच कमी भाव मिळाले. जगात पेंड आणि तेल मुबलक होतं, हे त्याचं एक मोठं कारण. ज्याने जंगल तोडलं नाही, त्याने जंगल तोडलेल्याच्या भावाशी स्पर्धा करायची, असा हा व्यवहार आहे. न मोजलेलं ओझं ही ते टाकणाऱ्याला मिळालेली सवलत असते आणि तिचे पैसे दुसराच कुणी कास्तकार भरत असतो.

इथे माहीतगार वाचक म्हणेल, की ओझं खरोखर मोजलं तर कोरडवाहू कास्तकारच अडचणीत येईल. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. भारतात सोयाबीन हेक्टरी टनाच्या आसपास येतं, एकरी चार-पाच क्विंटल. ब्राझीलमध्ये त्याच्या तिप्पट. किलोमागे जमीन किती लागली असं विचारलं तर इचोडा हरणार. कोरडवाहू म्हणजे आपोआप हलकं, असंही नाही. कमी पिकावर तीच खताची मात्रा पडली तर किलोमागचं ओझं वाढतंच. तरीही मोजमाप टाळण्याने कास्तकाराचं भलं होत नाही. एक तर जुनी कसलेली काळी जमीन आणि नव्याने तोडलेलं जंगल यांना एकाच वजनाने मोजणारा हिशेब अपुरा आहे, आणि जंगलतोडीचा कार्बन धरला की पारडं फिरतं. दुसरं, एकरी चारावरून सहा क्विंटलवर जाणं आणि तेही खत न वाढवता, वेळेवर डवरणी, बीजप्रक्रिया, जिवाणूखत, रुंद सरी-वरंबा यांच्या जोरावर, हाच पर्यावरणाचाही सर्वांत मोठा फायदा आहे. इथे उत्पन्न आणि पर्यावरण एकमेकांच्या विरोधात उभे नाहीत. तिसरं, जगभरच्या अशा माहितीसाठ्यांत युरोप-अमेरिकेची शेतं दाट आणि आपल्यासारखी कोरडवाहू, मिश्र पिकांची शेतं विरळ आहेत. कापसातल्या तुरीच्या एका तासाचं ओझं कसं मांडायचं, हे कुणी नीट मोजलेलं नसेल तर सरासरी आकडाच आपल्या माथी मारला जाईल. आदिलाबादला कृषी संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, जवळच परभणी आणि अकोल्याची कृषी विद्यापीठं आहेत. इथल्या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी हाच विषय घेतला तर जगाच्या माहितीतली एक खरी पोकळी भरेल, आणि मराठी-तेलुगू दोन्ही बोलणारा विद्यार्थी असेल तर बांधावर बसून विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं मिळतील.

आणखी एक हरकत नैतिक आहे: ज्यांच्या ताटात वरण-भाकरीपलीकडे फारसं काही नाही, त्यांना या चिंतेत का ओढायचं? ओढू नयेच. पूर-नेमेचेक यांच्या अभ्यासात सर्वांत कमी ओझ्याचं गोमांसही वाटाण्यापेक्षा छत्तीस पट जमीन आणि सहा पट उत्सर्जन मागतं असं दिसलं. कोंबडीचं मांस किलोला दहा किलोच्या जवळ, तांदूळ साडेचारच्या आसपास, कडधान्य दोनाच्याही खाली. या मोजपट्टीवर ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी खाणारं गोंड किंवा मराठी कुटुंब जगातल्या हलक्या ताटांपैकी एक वाढून घेत असतं. कुपोषण असलेल्या घरात अंडी आणि दूध वाढायलाच हवं. त्यासाठी कुणी पर्यावरणाची शपथ घालू नये. काटकसर शहरांत आणि श्रीमंत देशांत व्हायला हवी, जिथे मांस रोजचं आणि अन्न टाकून देणंही रोजचं झालं आहे.

राहतो प्रश्न कसं मोजायचं याचा. मोंढ्यात सोयाबीन आलं की ओलावा मापकात मूठभर दाणे टाकतात. बारा टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव कापला जातो. मग काडीकचरा, माती, डागी दाणे पाहतात. कापसालाही आठ ते बारा टक्क्यांची पट्टी लावतात. म्हणजे गुणवत्तेचं मोजमाप बाजाराला नवीन नाही आणि कास्तकारालाही नवीन नाही. शेतातलं ओझं यंत्रात दाणे टाकून कळणार नाही हे खरं. त्यासाठी किती खत पडलं, जमीन कधीपासून कसलेली आहे, कोणती पिकं मिसळून घेतली, याची साधी नोंद लागते. प्रत्येक शेताची स्वतंत्र तपासणी परवडणारी नाही. गावाच्या किंवा गटाच्या पातळीवर ती होऊ शकते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात चेतना ऑरगॅनिकसारख्या संस्थेने कापसाच्या शेतकऱ्यांचे गट बांधून सामूहिक प्रमाणपत्राचा मार्ग चालून दाखवला आहे. त्यात कागदपत्रं फार, वेळ फार आणि जादा भाव दरवर्षी मिळेलच असं नाही, या अडचणीही खऱ्या आहेत.

याच ठिकाणी युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमाकडे सावधपणे पाहावं लागतं. सोयाबीन, पामतेल, कॉफी, कोको, रबर, लाकूड आणि गुरं यांपासून झालेला माल ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलाच्या जागेवरचा नसावा आणि ज्या तुकड्यावर तो पिकला त्याचं नकाशावरचं ठिकाण द्यावं, अशी त्याची अट आहे. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली तरी दिशा ठरलेली आहे. भारताची जनुकीय बदल न केलेली सोयापेंड युरोपात जाते, तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या मोंढ्यापर्यंत येणार. पण आदिलाबादच्या जंगलकाठच्या गावांत पोडू, म्हणजे जंगलात कसलेल्या, जमिनीचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे पट्टे काहींना मिळाले, काहींचे दावे पडून आहेत. वीस वर्षं कसत असलेल्या कोलाम किंवा गोंड कुटुंबाकडे कागद नाही, एवढ्यावरून त्याचं सोयाबीन संशयित ठरलं, तर मोजमापाने अन्यायाची आणखी एक पायरी चढली असं होईल. म्हणून नकाशाचा, नोंदींचा आणि तपासणीचा खर्च माल मागणाऱ्या व्यापाऱ्याने आणि गिरणीने उचलावा. पट्ट्यांचे दावे राज्य सरकारने आधी निकाली काढावेत. आणि नोंद हलकं ओझं दाखवते तेव्हा ओलाव्यासाठी भाव कापणाऱ्या त्याच पावतीवर त्यासाठीची वाढही रुपयांत लिहिली जावी.